सिट्जेसमध्ये सुट्टीसाठी राहण्याची जागा शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील सिट्जेस हे भूमध्य समुद्रकाठचे गाव बार्सिलोनाच्या नैर्ऋत्येला, रेल्वेने जेमतेम पाऊण तासाच्या अंतरावर आहे. वस्ती सुमारे तीस हजारांची, किनारे सतरा, आणि सण-महोत्सव इतके की वर्षातील एखादाच महिना कोरा जातो. भारतातून किंवा युरोपातील अन्य देशांतून तेथे जाऊ इच्छिणाऱ्या मराठी प्रवाशांना जागा ठरवताना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

आधी तारखा ठरवाव्यात की आधी घर पाहावे?

आधी तारखा, आणि त्याही गावचे सणांचे वेळापत्रक समोर ठेवून. सिट्जेसमध्ये खोलीचे भाडे ठरते ते खोलीच्या दर्जावरून कमी आणि त्या आठवड्यात गावात काय चालू आहे त्यावरून जास्त. नोव्हेंबरच्या मध्यात जी खोली सहज आणि रास्त दरात मिळते, तीच कार्निव्हलच्या रविवारी किंवा गावच्या जत्रेत, २३ ऑगस्टच्या रात्री कितीतरी पट महाग होते, किंवा मिळतच नाही. त्यामुळे ‘सिट्जेसमध्ये चांगले हॉटेल कोणते’ या प्रश्नाला एकच एक उत्तर देता येत नाही. सण पाहायला जायचे आहे की सण टाळून समुद्र अनुभवायचा आहे, हे आधी स्वतःशी स्पष्ट करावे. कारण सणाच्या दिवसांत आरामाची अपेक्षा ठेवून गेलेला आणि आरामाच्या दिवसांत रोषणाई शोधत गेलेला, दोघेही नाराज होऊन परततात.

वर्षभरातील कोणत्या दिवसांत गाव भरलेले असते?

फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल येतो. मार्चमध्ये बहुधा जुन्या मोटारींची बार्सिलोना ते सिट्जेस फेरी असते. १९५९ पासून चालत आलेल्या या फेरीत चालक व सहप्रवासी मोटारीच्या काळाला शोभेल असा पोशाख करतात. गर्दी होते, पण ती मुख्यतः एका शनिवार-रविवारपुरती. मे-जूनमध्ये कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाच्या वेळी जुन्या गावातील गल्ल्यांत फुलांचे गालिचे घातले जातात, आणि जागेच्या दृष्टीने पाहता हा सर्वांत सोयीचा सण आहे, कारण पाणी पोहण्याजोगे होऊ लागलेले असते आणि जुलै-ऑगस्टचे दर अद्याप लागलेले नसतात. जूनमध्येच प्राइड महोत्सव आणि २३ जूनच्या रात्रीची सांत जोआनची होळी व फटाके असतात. त्यानंतर युरोपातील शाळांना सुट्ट्या लागतात, आणि ऑगस्टअखेरपर्यंत गावाला उसंत मिळत नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या टप्प्यात ग्रामदैवत म्हणावे अशा संत बार्थोलोम्यूची जत्रा, म्हणजे फेस्ता मजोर, भरते. २२ आणि २३ सप्टेंबरला सांता तेक्लाचा तुलनेने लहान उत्सव असतो. ऑक्टोबरमध्ये फँटास्टिक चित्रपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव होतो. द्राक्षांच्या हंगामाचा उत्सवही शरदातलाच. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ खऱ्या अर्थाने मोकळा असतो. मात्र त्या दिवसांत काही लहान हॉटेले वार्षिक सुट्टीसाठी बंद असतात, हे लक्षात ठेवावे.

कार्निव्हलसाठी जागा किती आधी धरावी, आणि कोणते दिवस महत्त्वाचे?

पाच-सहा महिने आधी. कार्निव्हलची तारीख ईस्टरवर अवलंबून असते, म्हणून ती दरवर्षी बदलते. राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्व उपवासकाळाचा पहिला दिवस, ईस्टरच्या ४६ दिवस आधी येतो आणि त्याच्या आधीच्या गुरुवारपासून गावात कार्निव्हल सुरू होतो. गोव्याचा कार्निव्हलही याच हिशोबाने येत असल्याने पणजीत किंग मोमोची मिरवणूक निघते त्याच दिवसांत सिट्जेसमध्ये कार्निव्हलचा राजा कार्नेस्तोल्तेस याची सत्ता चालू असते. दोन रात्री खऱ्या मोठ्या: रविवारची आणि मंगळवारची. या दोन्ही रात्री चित्ररथांची आणि नर्तकांच्या जथ्यांची मिरवणूक निघते. लहान मुलांच्या मिरवणुका त्याच दोन दिवशी उजेडी असतात, त्यामुळे मुलांबरोबर जाणाऱ्यांनी रात्रीचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

एक व्यवहारी मुद्दा. रविवारच्या रात्रीपेक्षा मंगळवारच्या रात्रीसाठी जागा मिळणे अनेकदा सोपे जाते, कारण बुधवारी युरोपात कामाचा दिवस असतो आणि आठवड्याअखेरची गर्दी तोवर पांगलेली असते. मिरवणूक तितकीच भव्य असते. माझ्या मते ज्यांना दिवस निवडण्याची मोकळीक आहे त्यांनी सोमवार ते बुधवार असा मुक्काम करावा. बुधवारी ‘सार्डीन माशाची अंत्ययात्रा’ काढून कार्निव्हलला निरोप दिला जातो, तीही पाहायला मिळते. थंडीचा विचारही करावा. फेब्रुवारीत दिवसा चौदा-पंधरा अंश तापमान सुखद वाटते, परंतु समुद्रकाठच्या जुन्या घरांत हीटर नसेल तर रात्र जड जाते; म्हणून आरक्षणापूर्वी हीटरबद्दल आवर्जून विचारावे.

फेस्ता मजोरच्या दिवसांत जुन्या गावात राहणे योग्य ठरेल काय?

झोप महत्त्वाची असेल तर नाही. उत्सव अनुभवणे महत्त्वाचे असेल तर मात्र दुसरीकडे राहण्यात अर्थ नाही.

हे उत्तर कठोर वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. २४ ऑगस्ट हा संत बार्थोलोम्यूचा दिवस आणि २३ तारीख ही त्याची पूर्वसंध्या. या दोन दिवसांत महाकाय पुतळे, अग्नी ओकणारा ड्रॅगन, गरुड, टिपऱ्यांसारख्या काठ्यांवर नाचणारे संघ आणि माणसांवर माणसे चढवून मनोरे रचणारे कास्तेल्येर यांची मिरवणूक जुन्या गावच्या अरुंद गल्ल्यांतून जाते. सोबत सैतानांचे जथे असतात, आणि ते हातातील दांड्यांवर लावलेले फटाके फिरवत ठिणग्यांचा वर्षाव करत चालतात. दहीहंडीचे थर पाहत वाढलेल्या माणसाला कास्तेल्येरांचे थर ओळखीचे वाटतात. मात्र येथे फोडायला हंडी नसते, मनोरा रचून तो सुखरूप उतरवणे हेच साध्य असते. २३ तारखेच्या रात्री समुद्रावरील चर्चच्या टेकाडापाशी मोठी आतषबाजी होते आणि तिच्यासाठी आसपासच्या गावांतून लोक येतात. त्यानंतर वाद्ये थांबतात असे नाही. पहाटे पुन्हा ग्राल्या नावाच्या सनईसारख्या वाद्यांचे सूर गल्ल्यांतून घुमू लागतात.

जुन्या गावातील घराची बाल्कनी मिरवणुकीच्या मार्गावर असेल तर ती अक्षरशः पहिल्या रांगेतील खुर्ची ठरते. पण अशा घराच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, आणि ऑगस्टमध्ये वातानुकूलनाशिवाय खिडक्या बंद ठेवणे अशक्यप्राय असते. दोन्हींचा मेळ घालायचा असेल तर जुन्या गावाच्या पश्चिमेकडील विन्येत भागात मुक्काम करावा आणि पायी पंधरा मिनिटे चालत उत्सवात यावे.

गावाच्या कोणत्या भागात राहावे?

सिट्जेसचा नकाशा समजायला सोपा आहे. समुद्रात पुढे आलेल्या खडकावर संत बार्थोलोम्यू आणि संत तेक्ला यांचे चर्च उभे आहे, आणि गावाच्या छायाचित्रांत दिसते ते हेच. चर्चच्या पूर्वेला सांत सेबास्तियाचा किनारा, पश्चिमेला ला फ्रागाता, ला रिबेरा आणि पुढे तेरामारपर्यंत एकामागून एक किनारे. या पश्चिमेकडील किनाऱ्यांना लागून सपाट, रुंद समुद्रपथ जातो. चर्चच्या मागे जुने गाव, त्याच्या वरच्या बाजूला रेल्वे स्थानक. स्थानकापासून समुद्रापर्यंत उतरायला दहा मिनिटे पुरतात.

जुने गाव सुंदर आहे यात शंका नाही. काउ फेर्रात हे चित्रकार सांतियागो रुसिन्योल यांचे घर, आता संग्रहालय असलेले, याच भागात आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीच सिट्जेसला कलावंतांचे गाव बनवले. तथापि येथील इमारती जुन्या, जिने अरुंद आणि मोटारींना प्रवेश मर्यादित. काप दे ला विला या चौकातून समुद्राकडे उतरणाऱ्या काही गल्ल्या, विशेषतः ज्या गल्लीला लोक विनोदाने ‘पापाची गल्ली’ म्हणतात ती, उन्हाळ्यात पहाटेपर्यंत जाग्या असतात. जाहिरातीत ‘अगदी मध्यवर्ती’ असे लिहिलेले असेल तेव्हा ती जागा नकाशावर शोधावी आणि जवळच्या बारपासूनचे अंतर पाहावे.

सांत सेबास्तिया हा माझा स्वतःचा कौल. जुन्या गावाला लागून, तरीही रात्री लवकर शांत होणारा, खाण्याच्या जागा पायाशी. दोष एवढाच की तेथे खोल्या थोड्या आणि त्या लवकर संपतात.

विन्येत आणि त्यापलीकडचा तेरामार हा बंगल्यांचा, झाडांचा, रुंद रस्त्यांचा भाग; विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उद्याननगर म्हणून तेरामारची आखणी झाली. लहान मुले, वृद्ध, किंवा दोन-तीन कुटुंबे मिळून एक मोठे घर घेणारे यांच्यासाठी हाच भाग योग्य. पूर्वेकडील आइग्वादोल्स हा होड्यांचा धक्का असलेला भाग चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत महत्त्वाचा होतो. रेल्वेमार्गाच्या पलीकडील भागांत आणि टेकडीवरील किंत मार वसाहतीत घरे स्वस्त व मोठी मिळतात. पण टेकडीवरून समुद्र दिसतो म्हणजे समुद्र जवळ आहे असे नव्हे, आणि पोहून आल्यावर दुपारी दोन वाजता तो चढ चढणे हा सुट्टीचा भाग होऊ शकत नाही. तेथे राहायचे तर मोटार हवी.

पत्त्यात ‘सिट्जेस’ लिहिलेले असूनही घर गावात नाही, असे होऊ शकते काय?

होय, आणि नवख्या प्रवाशांची सर्वाधिक फसगत येथेच होते, तीही कोणी खोटे न बोलता. सिट्जेस नगरपालिकेची हद्द मोठी आहे. लेस बोतीगेस दे सिट्जेस ही वस्ती कागदोपत्री सिट्जेसचीच. परंतु ती गाराफच्या डोंगराच्या पलीकडे, कास्तेलदेफेल्स गावाला चिकटून आहे. मधल्या डोंगरामुळे तेथून पायी येणे शक्य नाही. तसेच गाराफ हे पांढऱ्या-हिरव्या लाकडी झोपड्यांच्या किनाऱ्यासाठी प्रसिद्ध असलेले चिमुकले गावही याच हद्दीत मोडते. तेथे रेल्वे थांबते, किनारा देखणा आहे, आणि दोन दिवस नुसते पडून राहायचे असेल तर उत्तम; पण कार्निव्हल पाहण्यासाठी ते योग्य ठिकाण नाही. आरक्षण करताना पत्त्यातील गावाच्या नावावर न जाता सिट्जेस स्थानकापासून पायी किती मिनिटे लागतात ते नकाशावर मोजावे.

हॉटेल, होस्टाल, फ्लॅट आणि कॅम्पिंग यांत काय निवडावे?

दोन-तीन रात्रींसाठी हॉटेल किंवा होस्टाल, आठवड्यासाठी फ्लॅट. होस्टाल म्हणजे एका खोलीत आठ खाटांची व्यवस्था असा समज करून घेऊ नये. स्पेनमध्ये होस्टाल ही बहुधा एखाद्या कुटुंबाने चालवलेली, स्वतंत्र खोल्यांची लहान खानावळवजा निवासाची जागा असते, आणि दराच्या मानाने ती अनेकदा सर्वांत समाधानकारक ठरते. क्युबा व पोर्तो रिको येथे व्यापार करून श्रीमंत होऊन परतलेल्या सिट्जेसकरांनी, ज्यांना तेथे ‘अमेरिकानो’ म्हणत, एकोणिसाव्या शतकात बांधलेली काही घरेही आता हॉटेले झाली आहेत; रंगीत फरश्या, मागे बाग, आणि गोंगाटाच्या गावात अनपेक्षित शांतता. रम बनवणाऱ्या बाकार्दी घराण्याचे मूळ पुरुष फाकुंदो बाकार्दी यांचा जन्म १८१४ साली याच गावात झाला होता, हे जाता जाता.

फ्लॅट घेताना ऑगस्टमध्ये अनेक मालक किमान पाच किंवा सात रात्रींची अट घालतात. कॅम्पिंगच्या जागा गावाबाहेर आहेत. तेथे तंबूच नव्हे तर स्वयंपाकघरासह लाकडी घरेही मिळतात, आणि चार-पाच जणांच्या कुटुंबाला ती परवडतात. मात्र गावात येण्या-जाण्याची सोय आधी पाहावी.

भाड्याचा फ्लॅट अधिकृत आहे हे कसे ओळखावे?

कॅटलोनियात पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला नोंदणी क्रमांक असावा लागतो, आणि सिट्जेस बार्सिलोना जिल्ह्यात येत असल्याने तो ‘एच यू टी बी’ या चार रोमन अक्षरांनी सुरू होतो. जाहिरातीत हा क्रमांक छापणे बंधनकारक आहे. याखेरीज जुलै २०२५ पासून संपूर्ण स्पेनसाठी अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांना स्वतंत्र राष्ट्रीय नोंदणी क्रमांकही लागू झाला आहे. क्रमांक दिसत नसेल तर मालकाकडे मागावा. टाळाटाळ झाली तर ती जागा सोडून द्यावी. अनधिकृत घरात राहिल्याबद्दल प्रवाशाला सहसा शिक्षा होत नाही, परंतु नगरपालिकेने घर बंद केले तर ऐन ऑगस्टमध्ये सामान घेऊन रस्त्यावर उभे राहण्याची वेळ आपल्यावर येते.

फसवणुकीचा दुसरा प्रकार अधिक साधा आहे. संकेतस्थळावर घर आवडते, मालक गोड बोलतो, आणि ‘थेट बँकेत पैसे पाठवलेत तर कमिशन वाचेल’ असे सुचवतो. तसे करू नये. संकेतस्थळाबाहेर पैसे पाठवल्यानंतर तक्रार करायला कोणी उरत नाही. संशय आल्यास घराची छायाचित्रे इंटरनेटवरील छायाचित्र-शोधात टाकून ती आणखी कुठे वापरली आहेत ते पाहावे. तीच बैठकीची खोली दुसऱ्याच शहरातील जाहिरातीत सापडली तर पुढे बोलण्याची गरज नाही.

‘पहिला मजला’ असे लिहिलेले असताना लिफ्टबद्दल विचारावे काय?

अवश्य विचारावे. जुन्या कॅटलन इमारतींत तळमजल्याच्या वर ‘एन्त्रेसोल’ आणि त्यावर ‘प्रिन्सिपाल’ असे मजले असू शकतात, आणि त्यानंतर ‘पहिला’ येतो. म्हणजे जाहिरातीतील पहिला मजला प्रत्यक्षात आपल्या हिशोबाने तिसरा निघू शकतो. जुन्या गावात लिफ्ट हा अपवाद आहे. वातानुकूलन, मच्छरदाणीच्या जाळ्या आणि खाटांची रुंदी हेही विचारावे. ‘सहा जणांसाठी’ असलेल्या घरात दोघांची सोय अनेकदा बैठकीतील सोफ्यावर केलेली असते.

भाड्याशिवाय आणखी कोणते पैसे द्यावे लागतात?

कॅटलोनियात पर्यटक कर आहे. तो माणशी, दर रात्रीला, निवासाच्या दर्जानुसार आकारला जातो. सलग सात रात्रींनंतर आकारणी थांबते, आणि १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना तो लागू नाही. हा कर अनेकदा ऑनलाइन दाखवलेल्या रकमेत धरलेला नसतो आणि पोहोचल्यावर मागितला जातो, म्हणून ती मागणी ऐकून फसवणूक झाली असे समजू नये. फ्लॅटसाठी साफसफाईचा आकार आणि परत मिळणारी अनामत वेगळी असते. अनामत रोख मागितली गेली तर पावती घ्यावी आणि आत शिरताच घराची छायाचित्रे काढून ठेवावीत.

पोहोचल्यावर पासपोर्ट आणि इतकी वैयक्तिक माहिती का मागतात?

स्पेनमध्ये निवासाची सोय देणाऱ्या प्रत्येकाला पाहुण्यांची माहिती शासनाला कळवावी लागते, आणि डिसेंबर २०२४ पासून ही माहिती अधिक तपशीलवार झाली आहे: घरचा पत्ता, फोन किंवा ईमेल, पैसे कसे भरले, सोबतच्या अल्पवयीन मुलांशी नाते काय. हे फ्लॅटच्या मालकालाही लागू आहे. माहिती नोंदवणे कायद्याने आवश्यक आहे. पासपोर्टची पूर्ण छायाप्रत व्हॉट्सॲपवर पाठवणे मात्र आवश्यक नाही, आणि तेथील माहिती संरक्षण यंत्रणेनेही छायाप्रत मागणे हे गरजेपेक्षा जास्त असल्याचे स्पष्ट केले आहे. पासपोर्ट समक्ष दाखवण्याची तयारी दर्शवावी.

शेंगेन व्हिसासाठी निवासाचे आरक्षण आधी करावे लागते. व्हिसा नाकारला गेला तर पैशांचे काय?

भारतीय पासपोर्टधारकांना स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो, आणि ब्रिटनमध्ये किंवा आखातात वास्तव्य असले तरी त्यातून सूट मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. प्रौढांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आहे, त्याखेरीज अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क. आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा आवश्यक. अर्जासोबत मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचा पुरावा द्यावा लागतो. अधेमधे एखादी रात्र रिकामी राहिली तर प्रश्न उपस्थित होतो.

म्हणून व्हिसा मिळेपर्यंत विनाशुल्क रद्द करता येणारे आरक्षणच करावे, आणि रद्द करण्याची अंतिम तारीख व्हिसाच्या अपेक्षित निकालानंतरची आहे याची खात्री करावी. येथे सणाच्या तारखांची अडचण येते: कार्निव्हल किंवा फेस्ता मजोरच्या दिवसांसाठी अनेक हॉटेले रद्द न करता येणारे दरच देतात. अशा वेळी थोडा अधिक दर देऊन रद्द करण्याची मुभा विकत घेणे शहाणपणाचे ठरते. उलटपक्षी, व्हिसासाठी एक आरक्षण दाखवून नंतर सगळेच रद्द करणे आणि भलत्याच देशात जास्त दिवस राहणे हा मार्ग धोक्याचा आहे. सीमेवर निवासाचा पुरावा पुन्हा मागितला जाऊ शकतो. हॉटेल बदलले तर नव्या आरक्षणाची प्रत सोबत असावी.

बार्सिलोनात नातेवाईक राहतात. त्यांच्याकडे उतरून सिट्जेसला जाता येईल काय?

येईल, फक्त व्हिसा अर्जात खासगी घरी राहणार असे लिहायचे असेल तर यजमानाने स्थानिक राष्ट्रीय पोलिसांकडून निमंत्रणपत्र काढून मूळ प्रत भारतात पाठवावी लागते. त्यासाठी भेटीची वेळ, घराची कागदपत्रे आणि काही आठवडे लागतात. साधे ईमेल किंवा हाताने लिहिलेले पत्र चालत नाही. वेळ कमी असेल तर हॉटेलचे आरक्षण करून तेथेच राहणे सोपे.

सिट्जेसऐवजी बार्सिलोना किंवा शेजारच्या गावात राहिले तर?

बार्सिलोनाच्या सांत्स किंवा पासेच दे ग्रासिया स्थानकांवरून रोदालीएस या उपनगरी रेल्वेच्या आर-२ दक्षिण मार्गाने सिट्जेसला येता येते. विमानतळावरूनही येणे सोपे आहे: दुसऱ्या टर्मिनलवरून रेल्वेने एल प्रात स्थानकापर्यंत जाऊन तेथे गाडी बदलावी, किंवा थेट बस घ्यावी. दिवसा पोहायला येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला बार्सिलोनाचा मुक्काम पुरतो. पण रात्रीच्या मिरवणुकीसाठी यायचे असेल तर शेवटची गाडी कधी सुटते ते त्या दिवशी पाहून ठेवावे, आणि या मार्गावर उशीर व बिघाड नेहमीचेच आहेत हे गृहीत धरावे. दुसरे असे की बार्सिलोना शहर २०२८ च्या अखेरीस पर्यटक फ्लॅटचे परवाने संपुष्टात आणणार आहे, त्यामुळे तेथील फ्लॅट स्वस्त होण्याची आशा धरू नये.

माझ्या मते खरा पर्याय व्हिलानोव्हा इ ला जेलत्रू हा आहे. याच रेल्वेमार्गावर सिट्जेसच्या पुढचे स्थानक, अंतर दहा मिनिटांहून कमी, लांबरुंद वाळूचा किनारा, आणि दर बहुधा कमी, कारण ते मच्छीमारांचे, कारखान्यांचे, वर्षभर नांदते गाव आहे. केवळ कार्निव्हलच्या दिवसांत हा सल्ला लागू नाही: व्हिलानोव्हाचा स्वतःचा कार्निव्हल तितकाच प्रसिद्ध आहे आणि तेथे रविवारी गोळ्या-चॉकलेटांचे युद्ध खेळले जाते, तेव्हा तेथेही जागा मिळत नाही. सांत पेरे दे रिबेस हे आतल्या बाजूचे गाव शांत आहे, मात्र तेथे रेल्वे नाही.

चित्रपट महोत्सवासाठी जायचे आहे. वेगळे काही लक्षात घ्यावे काय?

हा महोत्सव १९६८ पासून चालू आहे आणि भय, विज्ञानकथा व अद्भुत यांना वाहिलेल्या महोत्सवांत त्याचे स्थान फार वरचे मानले जाते. मुख्य सभागृह आइग्वादोल्सजवळच्या एका मोठ्या हॉटेलात आहे, तर रेतिरो आणि प्रादो ही जुनी चित्रपटगृहे गावात. मध्यरात्रीनंतर संपणारे खेळ पुष्कळ असल्याने या दोहोंच्या मध्ये कुठेतरी राहणे उत्तम. दुसऱ्या आठवड्याच्या मधल्या दिवसांत जागा मिळण्याची शक्यता जास्त. ऑक्टोबरमध्ये भूमध्य किनाऱ्यावर अचानक जोरदार पाऊस येतो, तेव्हा छत्री असावी.

शाकाहारी कुटुंबासाठी स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे काय?

तीन दिवसांपेक्षा जास्त राहायचे असेल तर घ्यावे. बाहेर टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची एस्कालिवादा, बेदाणे व चिलगोजे घातलेला पालक, असे पदार्थ मिळतात. परंतु ‘भाजी’ म्हणून मागवलेल्या ताटात सुक्या माशाचे तुकडे निघण्याचा प्रसंग येतो. सिट्जेसचा अभिमानाचा पदार्थ असलेल्या शातोची बदामाची चटणी मोहक आहे, पण ती ज्या सॅलडवर येते त्यात खारवलेला कॉड, टूना आणि अँकोव्ही असतात. तांदूळ, डाळी, हरभरे सुपरमार्केटमध्ये सहज मिळतात. कढीपत्ता, हिंग, पोहे लागणार असतील तर ते सोबत न्यावेत किंवा बार्सिलोनाच्या राव्हाल भागातील दक्षिण आशियाई दुकानांतून घ्यावेत. घरात गॅसऐवजी विजेची सपाट शेगडी असते आणि तिच्यावर गोल बुडाची कढई चालत नाही.

आई-वडील आणि मुले सोबत आहेत. गावातील वातावरण त्यांना अवघडल्यासारखे वाटेल काय?

सिट्जेस हे समलिंगी प्रवाशांचे युरोपातील एक प्रमुख ठिकाण आहे आणि हे गाव ती ओळख लपवत नाही. त्याच वेळी तेच गाव संध्याकाळी आजी-आजोबांनी नातवंडांना घेऊन समुद्रपथावर फिरण्याचेही आहे, आणि या दोन गोष्टी तेथे सहजपणे शेजारी-शेजारी नांदतात. बालमिन्ससारख्या एखाद-दुसऱ्या किनाऱ्यावर कपड्यांविना वावरण्याची प्रथा आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी ला रिबेरापासून तेरामारपर्यंतचा कोणताही किनारा निवडावा. वडीलधाऱ्यांची खरी अडचण वातावरणाची नसून पायऱ्यांची असते. समुद्रपथाला लागून, लिफ्ट असलेली आणि स्थानकापासून टॅक्सीने पोहोचता येणारी जागा घेतली की ती सुटते.

मोटार भाड्याने घेतली तर ठेवायची कुठे?

शक्यतो घेऊच नये. जुन्या गावात बाहेरच्या वाहनांना मर्यादा आहेत, समुद्राजवळचे रस्ते निळ्या पट्ट्यांचे म्हणजे पैसे भरून मर्यादित वेळ थांबण्याचे असतात, आणि सणांच्या दिवशी तेही बंद होतात. बार्सिलोनाहून येणाऱ्या बोगद्यांच्या महामार्गावर टोल आहे. समुद्रकाठचा जुना वळणांचा रस्ता विनामूल्य पण सावकाशीचा. मोटार हवीच असेल तर गॅरेजसह घर शोधावे आणि गॅरेजची रुंदी विचारावी.

सगळीकडे जागा भरलेली दाखवत असेल तर?

संकेतस्थळांवर ‘उपलब्ध नाही’ असे दिसते तेव्हा अनेकदा अर्थ इतकाच असतो की तेवढ्या सलग रात्री उपलब्ध नाहीत. पाच रात्रींऐवजी दोन आणि तीन असे तुकडे करून पाहावे. लहान होस्टालांना थेट ईमेल करावा, कारण त्यांच्या काही खोल्या संकेतस्थळांवर दिलेल्याच नसतात. स्पॅनिश किंवा कॅटलनमध्ये दोन ओळी लिहिल्या तर उत्तर लवकर येते. मोठ्या सणांच्या दोन-तीन आठवडे आधी, विनाशुल्क रद्द करण्याची मुदत संपत येते तेव्हा, आरक्षणे सुटतात, म्हणून त्या दिवसांत रोज पाहावे. तरीही काही मिळाले नाही तर व्हिलानोव्हा, मग कास्तेलदेफेल्स, मग बार्सिलोनातील सांत्स स्थानकाजवळचा भाग, या क्रमाने शोधावे. तिन्ही ठिकाणे सिट्जेसच्या रेल्वेमार्गावरच आहेत.